पुराव्याधिष्ठित वैद्यक आणि अपंगत्वाचे मूल्यमापन : एका प्रशिक्षण-प्रयोगाची चिकित्सा

प्रस्तावना

प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या कार्यालयात जमा होणाऱ्या कागदपत्रांमध्ये अपंगत्वाचे प्रमाणपत्र हा एक कागद असतो. त्यावर आजाराचे नाव, बाधित अवयव, सही, शिक्का आणि एक आकडा असतो. तो आकडा 40 किंवा त्याहून अधिक असेल तर 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील किमान 5 टक्के राखीव जागांचा आणि शासकीय नोकऱ्यांतील किमान 4 टक्के आरक्षणाचा मार्ग खुला होतो. आकडा 38 असेल तर होत नाही. कार्यालयातील कर्मचारी आकडा पाहून अर्ज एका किंवा दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवतो. हा आकडा कोणी, कशाच्या आधारे आणि किती वेळात काढला, हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. विचारण्याचे ते स्थळही नव्हे. तो ज्या ठिकाणी विचारला जायला हवा, ते ठिकाण म्हणजे आकडा काढणाऱ्या डॉक्टरचे शिक्षण होय.

गेल्या दोन दशकांत युरोपात, विशेषतः नेदरलँड्समध्ये, या शिक्षणाचा गांभीर्याने विचार झाला. अपंगत्वाचे दावे तपासणाऱ्या डॉक्टरांना 'एव्हिडन्स बेस्ड मेडिसिन' म्हणजे पुराव्याधिष्ठित वैद्यक शिकवावे आणि त्यामुळे त्यांच्या निर्णयांची प्रत सुधारते का ते तपासावे, असा प्रयत्न तेथे झाला. प्रस्तुत लेखात या प्रयत्नाची चिकित्सा केली असून, त्यातील कोणता भाग भारतीय वैद्यकीय मंडळांच्या संदर्भात उपयोगी पडू शकतो आणि कोणता पडणार नाही, याचा विचार केला आहे. शासकीय परिभाषेत आता 'दिव्यांगत्व' हा शब्द रूढ झाला आहे. तथापि मोजमापाची चर्चा करताना 'अपंगत्व' हा जुना शब्द अधिक नेमका ठरत असल्याने येथे तोच योजिला आहे.

उपचार करणारा आणि दावा तपासणारा

डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नेहमीच्या नात्यात रुग्णाला बरे वाटावे हा दोघांचाही हेतू असतो. दावा तपासणाऱ्या डॉक्टरपुढे बसलेली व्यक्ती त्या अर्थाने रुग्ण नसते, दावेदार असते. तिला औषध नको असते; आपली अडचण मान्य व्हावी, एवढेच तिला हवे असते. डॉक्टरचे अशीलही ती व्यक्ती नसून शासन, विमा यंत्रणा किंवा न्यायाधिकरण असते. येथे निदान हा शेवट नसून सुरुवात असते. कंबरेच्या मणक्यांतील चकती सरकली आहे हे चित्रात दिसले, तरी ती व्यक्ती दिवसातून किती तास बसू शकेल, किती किलो उचलू शकेल आणि सहा महिन्यांनी तिची स्थिती काय असेल, हे त्या चित्रात दिसत नाही. दावा तपासणाऱ्याला विचारले जातात ते नेमके हेच प्रश्न.

वैद्यकीय अभ्यासक्रमात या प्रश्नांची तयारी जवळजवळ करून घेतली जात नाही. न्यायवैद्यकाच्या पुस्तकात जखमांचे प्रकार असतात, अस्थिशल्यशास्त्रात सांध्यांचे कोन असतात. परंतु 'हा माणूस काम करू शकेल का' या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, याला स्वतंत्र तास नसतो. परिणामी डॉक्टर ज्येष्ठांचे पाहून शिकतो. ज्येष्ठ सढळ असेल तर शिष्यही सढळ निघतो, कडक असेल तर कडक. न्यायालयात जे वाक्य 'माझ्या मते' अशा शब्दांनी सुरू होते, त्याच्या मागे बहुधा एवढीच परंपरा उभी असते.

कोळशाच्या खाणीतील मूळ

पुराव्याधिष्ठित वैद्यकाचा इतिहास साधारणपणे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठापासून सांगितला जातो. गॉर्डन गायट यांनी 1991 मध्ये ही संज्ञा रूढ केली, 1992 मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात तिचा जाहीरनामा म्हणावा असा लेख आला आणि डेव्हिड सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये तिची सर्वमान्य व्याख्या केली. संशोधनातून मिळालेला उत्तम पुरावा, डॉक्टरचे अनुभवसिद्ध कौशल्य आणि रुग्णाची मूल्ये या तिहींची सांगड, असा त्या व्याख्येचा आशय आहे. 1993 मध्ये स्थापन झालेल्या ज्या संस्थेने संशोधनांचे पद्धतशीर आढावे घेण्याचे काम जगभर पसरवले, तिला मात्र आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरचे नाव देण्यात आले. त्यांचे 1972 चे 'इफेक्टिव्हनेस अँड एफिशियन्सी' हे पुस्तक या चळवळीचा पाया मानले जाते.

या कथनात एक गोष्ट सहसा मागे पडते. कॉक्रेन यांच्या संशोधनाची घडण इस्पितळातील खाटेशेजारी झाली नाही; ती खाणकामगारांच्या नुकसानभरपाईच्या प्रश्नाभोवती झाली. 1948 पासून ते वेल्समधील कार्डिफजवळच्या न्यूमोकोनिओसिस संशोधन केंद्रात काम करीत होते. कोळशाची धूळ फुफ्फुसात साठून जडणाऱ्या या आजारामुळे हजारो कामगारांची भरपाई वैद्यकीय मंडळांच्या निर्णयावर अवलंबून होती आणि मंडळांचा आधार होता क्ष-किरण चित्र. या केंद्रातील फ्लेचर आणि ओल्डहॅम यांनी 1949 मध्ये दाखवून दिले की एकाच चित्राबद्दल दोन तज्ज्ञांची मते जुळत नाहीत. इतकेच नव्हे, तर तेच चित्र काही काळाने पुन्हा पाहिल्यावर त्याच तज्ज्ञाचे पहिले व दुसरे मतही जुळत नाही. 1951 मध्ये कॉक्रेन, चॅपमन आणि ओल्डहॅम यांनी याच प्रकारची तपासणी रोगाच्या इतिहासाबाबत केली. खोकला येतो का, दम लागतो का, असे साधे प्रश्न वेगवेगळ्या डॉक्टरांनी खाणकामगारांना विचारले असता 'होय' म्हणणाऱ्यांचे प्रमाण विचारणाऱ्यागणिक बदलत गेले.

म्हणजे पुराव्याधिष्ठित वैद्यक अपंगत्वाच्या दाव्यांकडे बाहेरून आलेले नाही. त्याची एक प्रमुख प्रेरणाच या दाव्यांत आहे. तपासणाऱ्याची चूक ही तपासल्या जाणाऱ्याच्या पोटावर येते, हे कॉक्रेन यांनी खाणकामगारांच्या वस्तीत पाहिले होते. पुढे या विद्येचे शिक्षण औषधांच्या चाचण्यांभोवती फिरू लागले, 'हे औषध त्या औषधापेक्षा चांगले का' हा तिचा नमुना-प्रश्न झाला आणि दावा तपासणारा डॉक्टर वर्गाबाहेर राहिला. डच प्रयोगाने त्याला पुन्हा वर्गात आणले, हे त्याचे पहिले श्रेय होय.

डच प्रयोग

नेदरलँड्समध्ये दावे तपासणे ही एक स्वतंत्र वैद्यकीय विशेषज्ञता आहे. 2002 मध्ये स्थापन झालेल्या यूडब्ल्यूव्ही या सार्वजनिक विमा संस्थेत असे विमावैद्य मोठ्या संख्येने नोकरीस आहेत. दीर्घकाळ आजारी असलेल्या कामगाराच्या क्षमतांची एक यादी विमावैद्य तयार करतो. तीत वैयक्तिक कार्य, सामाजिक कार्य, भौतिक परिस्थितीशी जुळवून घेणे, हालचाली, स्थिर आसने आणि कामाचे तास असे सहा विभाग असतात. त्यानंतर श्रमतज्ज्ञ नावाचा दुसरा अधिकारी त्या यादीशी जुळणारी कामे शोधतो आणि कमाईत किती घट होते ते काढतो. डिसेंबर 2005 च्या अखेरीस अमलात आलेल्या कायद्यानुसार ही घट 35 टक्क्यांहून कमी असेल तर लाभ मिळत नाही. टक्केवारी येथेही आहे. फरक इतकाच की ती डॉक्टर काढत नाही आणि ती शरीराची नसून कमाईची असते.

ॲमस्टरडॅम येथील कोरोनेल संस्थेशी संबंधित संशोधकांनी, कोक, होव्हिंग, फेरबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, या विमावैद्यांसाठी पाच दिवसांचा अभ्यासक्रम आखला. घरी सोडवायच्या अभ्यासिका, सहकाऱ्यांनी एकमेकांना शिकवणे, वैद्यकीय माहितीकोशांत शोध घेण्याचा सराव, व्याख्याने आणि चर्चा, असे त्याचे स्वरूप होते. डॉक्टरांच्या हातात त्या दिवसांत जे खरे दावे होते, त्यांतूनच प्रश्न घेतले जात. हा आग्रह योग्य होता. कुमारसामी आणि खान यांनी 2004 मध्ये घेतलेल्या आढाव्यात असे दिसून आले होते की कामापासून तोडून दिलेले स्वतंत्र शिक्षण ज्ञान वाढवते, मात्र कौशल्य, वृत्ती व वर्तन बदलण्यासाठी ते रोजच्या कामात मिसळावे लागते. श्रेयांक मिळावेत म्हणून भरवल्या जाणाऱ्या एकदिवसीय वैद्यकीय व्याख्यानांना ज्यांनी हजेरी लावली आहे, त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटू नये.

या अभ्यासक्रमाची तपासणी यादृच्छिक नियंत्रित चाचणीने करण्यात आली आणि तिचा वृत्तांत 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. 132 डॉक्टरांचे 54 अभ्यासगट दोन भागांत चिठ्ठीपद्धतीने वाटण्यात आले. एका भागास प्रशिक्षण मिळाले, दुसऱ्यास नाही. त्यांनी तपासलेल्या 1680 दाव्यांचे अहवाल पाहण्यात आले. प्रशिक्षित डॉक्टरांच्या अहवालांत पुरेशा दर्जाच्या संशोधनाचा आधार घेतल्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. त्यांचे ज्ञान आणि कौशल्यही वाढलेले दिसले. शिक्षणाचा परिणाम परीक्षेच्या गुणांत न शोधता प्रत्यक्ष कामाच्या कागदांत शोधला, ही या चाचणीची मोठी जमेची बाजू आहे. पुराव्याधिष्ठित वैद्यक शिकवण्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते शिकवल्याने काय घडते याचा पुरावा मात्र फार थोड्यांनी गोळा केला आहे.

मोजले काय आणि उरले काय

चाचणीचा मुख्य निकष होता तो अहवालात योग्य दर्जाचा पुरावा वापरला गेला का, हा. या निकषातच तिची मर्यादाही आहे. अहवालात संशोधनाचा हवाला आला याचा अर्थ निर्णय बरोबर आला असा होत नाही. डॉक्टर आधी मत बनवतो आणि मग त्याला साजेसा निबंध शोधतो, ही शक्यता या मापात वेगळी काढता येत नाही. उलट प्रशिक्षणाने शोधण्याचे कौशल्य वाढले असेल, तर साजेसा निबंध सापडण्याची शक्यताही वाढते. या कारणाने प्रयोग निष्फळ ठरत नाही; तथापि त्याने सिद्ध केले त्यापेक्षा अधिक काही त्याच्या नावावर जमा करता येत नाही.

मग योग्य निकष कोणता असता? 'खरे अपंगत्व' मोजणारी स्वतंत्र तराजू कोठेच उपलब्ध नाही, त्यामुळे निर्णय बरोबर की चूक हे ताडून पाहण्याची सोय नाही. एक निकष मात्र हाताशी होता आणि तो कॉक्रेन यांच्या काळापासूनचा आहे : एकाच दावेदाराबद्दल दोन डॉक्टरांचे मत जुळते का? बार्ट, कुंझ व इतरांनी 2017 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात 12 देशांतील 23 अभ्यास तपासले आहेत. त्यातून दिसणारे चित्र अस्वस्थ करणारे आहे. काम करण्याच्या क्षमतेबाबत तज्ज्ञांची मते मोठ्या प्रमाणावर भिन्न पडतात; संशोधनाच्या नियंत्रित वातावरणापेक्षा विम्याच्या प्रत्यक्ष व्यवहारात ती अधिक भिन्न पडतात; प्रमाणित पद्धत वापरल्यास काहीशी एकवाक्यता येते. स्वित्झर्लंडमध्ये याच गटाने मनोविकारतज्ज्ञांना कार्यक्षमता-केंद्रित मुलाखतीचे प्रशिक्षण देऊन पाहिले. दीर्घ प्रशिक्षणाने थोडी सुधारणा झाली, तरी संबंधितांना अपेक्षित असलेल्या पातळीपर्यंत एकमत पोचले नाही.

हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की प्रशिक्षणाच्या आशयासंबंधी एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. शोधणे आणि पारखणे शिकवल्यास अहवाल सुधारतो. मुलाखत कशी घ्यावी, कार्य कसे पाहावे हे शिकवल्यास एकवाक्यता किंचित वाढते. दावेदाराला यांतील दुसऱ्या गोष्टीची निकड अधिक आहे. पहिल्या डॉक्टरकडे गेल्यास पात्र आणि दुसऱ्याकडे गेल्यास अपात्र, अशी स्थिती असेल तर अहवालाखालील संदर्भांची संख्या त्याच्या काय कामाची?

पुराव्याचे स्वरूप हाही विचाराचा मुद्दा आहे. दावा तपासणाऱ्याचा प्रश्न बहुधा उपचाराचा नसून भवितव्याचा असतो. अशा पाठदुखीचे रुग्ण किती काळात कामावर परततात, याचे उत्तर संशोधन देते, पण ते गटाविषयी देते. शंभरांतील सत्तर जण परत येत असतील, तर समोर बसलेला माणूस सत्तरांतला की तीसांतला, हे त्या निबंधात लिहिलेले नसते. उपचार करणारा डॉक्टर सरासरीवर विसंबून औषध देतो; गुण आला नाही तर पुढच्या भेटीत औषध बदलतो. दावा तपासणाऱ्याला बहुधा पुढची भेट नसते. सरासरीवर विसंबून त्याने केलेली चूक कागदावर कायम होते. सॅकेट यांच्या व्याख्येतील तिसरा पाय, रुग्णाची मूल्ये, याचेही येथे काय करायचे हे स्पष्ट नाही. दावेदाराचे म्हणणे हे त्याचे मूल्य मानायचे की त्याचा स्वार्थ मानायचा? डच अभ्यासक्रम या प्रश्नाला बगल देतो, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

मराठीत तर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 'पुरावा' हा शब्द मराठी माणसाने कचेरीत आणि कोर्टात ऐकलेला असतो. पुरावा द्यायचा तो फिर्यादीने. नसेल तर दावा फेटाळला जातो. पुराव्याधिष्ठित वैद्यकातील पुरावा मात्र डॉक्टरने शोधायचा आहे आणि तो संशोधनातला आहे. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले तर प्रशिक्षित डॉक्टर अधिक न्यायी होण्याऐवजी अधिक संशयी होण्याचा धोका संभवतो. ज्या वेदना चित्रात दिसत नाहीत, ज्या थकव्याला रक्ततपासणी नाही, त्यांच्याबाबत 'पुरावा नाही' हे वाक्य सहज लिहिले जाते. त्याचा एक अर्थ असा की या त्रासावर पुरेसे संशोधन झालेले नाही. दुसरा अर्थ असा की दावेदार खोटे बोलत आहे. हे दोन अर्थ वेगळे ठेवायला शिकवणे हा अशा अभ्यासक्रमाचा पहिला धडा असायला हवा. तो वेळापत्रकात शेवटी उरलेल्या अर्ध्या तासात उरकण्याजोगा नाही.

कोष्टकाला पुरावा कोणता?

भारतात या चर्चेला वेगळेच वळण मिळते, कारण येथील डॉक्टरच्या हातात कायद्याने दिलेले कोष्टक असते. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेत 30 टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास 14 टक्के, मधले बोट गेल्यास 12 टक्के घट धरली होती. तर्जनीचे 14 का आणि 15 का नाहीत, याचे उत्तर कोणत्याही संशोधनात सापडत नाही. ते रूढीने आणि तडजोडीने ठरलेले आकडे आहेत. त्यांत गैर काही नाही. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावी लागते. मात्र तडजोडीचा आकडा डॉक्टरच्या सहीने वैज्ञानिक सत्य म्हणून वावरू लागतो, तेथे घोटाळा होतो.

हा घोटाळा डॉक्टरांच्या आधी न्यायालयांनी ओळखला. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या 1975 च्या निकालात डावा हात कोपराच्या वर तुटलेल्या सुताराचा प्रश्न होता. परिशिष्टाप्रमाणे ते आंशिक अपंगत्व होते. सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण अपंगत्व मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हेच तत्त्व सविस्तर मांडले गेले. हात गेल्यावर सुताराची वा वाहनचालकाची कमाई जवळजवळ संपते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून डॉक्टरने शरीराच्या अपंगत्वापुरते बोलावे, कमाईची घट न्यायाधिकरणाने ठरवावी, असे न्यायालयाने सांगितले. उपचार न करताच दिल्या जाणाऱ्या तयार प्रमाणपत्रांबद्दल इशाराही दिला. डच व्यवस्थेत विमावैद्य आणि श्रमतज्ज्ञ यांच्यात जी कामाची वाटणी आहे, ती येथे न्यायनिर्णयांतून अशी हळूहळू उभी राहिली.

आरक्षण आणि सवलतींसाठीच्या प्रमाणपत्रांत मात्र अशी वाटणी नाही. तेथे डॉक्टरचा आकडा हाच अंतिम असतो. 2018 च्या मार्गदर्शक सूचना, ज्या मार्च 2024 मध्ये सुधारण्यात आल्या, त्यांतील हाताच्या मूल्यमापनाचा भाग वाचण्यासारखा आहे. सुसंघटित हालचालींसाठी 90 गुण ठेवले असून दहा कृतींना प्रत्येकी 9 दिले आहेत. भारतीय पद्धतीने जेवणे, केस विंचरून वेणी घालणे, सदरा वा कुर्ता घालणे, गुंड्या लावणे, नाडी किंवा धोतर बांधणे, पेल्याने पाणी पिणे, लिहिणे अशा त्या कृती आहेत. परकीय कोष्टकाची नक्कल न करता येथल्या घरातले आयुष्य मोजण्याची ही दृष्टी निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु लिहिणे आणि नाडी बांधणे यांना समान 9 गुण असावेत, हे विद्यार्थ्याच्या बाबतीत आणि शेतमजुराच्या बाबतीत सारखेच खरे आहे काय?

एकाहून अधिक दोष असल्यास ते एकत्र करण्याचे सूत्र 'अ + ब (90 − अ) / 90' असे आहे; अ म्हणजे मोठा आकडा आणि ब म्हणजे लहान. समजा, एका व्यक्तीला एका दोषासाठी 27 व दुसऱ्यासाठी 18 टक्के मिळाले. सूत्राने उत्तर येते 39.6. दुसऱ्या दोषाचे 18 ऐवजी 19 मोजले गेले तर उत्तर 40.3 येते. एका टक्क्याचा हा फरक सांध्याच्या कोनमापनात कोठेही हरवू शकतो. त्याच सांध्याचे माप दोन अनुभवी हातांत पाच अंशांनी वेगळे येणे हे कोणालाही अनपेक्षित नाही. सूत्र दशांशापर्यंत नेमके आहे, त्यात भरायची मापे तशी नाहीत. 2024 च्या सुधारित नियमांनी या आकड्यांना रंगही दिले. 40 टक्क्यांखाली पांढरे ओळखपत्र, 40 ते 80 दरम्यान पिवळे आणि 80 व त्यावर निळे. पिवळ्या आणि पांढऱ्या पत्रामधील सीमारेषा अशा रीतीने एका कोनमापकाच्या काट्यावर येऊन ठेपते.

चढउतार असलेल्या आजारांत अडचण आणखी वाढते. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून 21 केले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आले. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. तीव्र वेदनांचे झटके हे या आजाराचे मुख्य लक्षण. तपासणीच्या दिवशी झटका नसेल तर मुलगा चालतो, बसतो, गुंड्या लावतो. झटका असेल तर तो तपासणीला येऊच शकत नाही. परीक्षेच्या आठवड्यात तीन दिवस अंथरुणावर असलेला विद्यार्थी पुढच्या सोमवारी वर्गात धडधाकट दिसतो, हे अशा भागांतील प्राध्यापकांना ठाऊक असते. येथे एका दिवसाचे निरीक्षण हा कच्चा पुरावा होय. वर्षभरात किती झटके आले, किती वेळा दाखल करावे लागले, किती रक्त द्यावे लागले, शाळेचे किती दिवस बुडाले, हा खरा पुरावा होय आणि तो मिळवायचा तर कोणता प्रश्न विचारायचा हे आधी ठाऊक असावे लागते. पुराव्याधिष्ठित वैद्यकातील 'उत्तर देता येईल असा प्रश्न तयार करा' ही पहिली पायरी येथे सर्वाधिक उपयोगी पडते. शोध आणि पारख या पुढच्या पायऱ्यांचा क्रम त्यानंतरचा.

कारणांसाठी जागा

डच प्रयोग जसाच्या तसा येथे आणता येईल का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी नकारार्थी द्यावे लागते. तेथील विमावैद्याचे तेच पूर्णवेळ काम असते. येथील जिल्हा रुग्णालयातला अस्थिशल्यचिकित्सक सकाळी शस्त्रक्रिया करतो आणि ठरलेल्या वारी बाहेर लागलेली प्रमाणपत्रांची रांग संपवतो. त्याला पाच दिवस वर्गात बसवणे अवघड आहे. बसवले तरी रांगेतल्या प्रत्येकासाठी माहितीकोश धुंडाळणे अशक्य आहे. याहून महत्त्वाची अडचण कागदाची आहे. डच डॉक्टर तर्क मांडणारा अहवाल लिहितो, म्हणून त्यात पुरावा आला की नाही हे तपासता आले. येथील प्रमाणपत्राच्या नमुन्यात निदान, अवयव आणि टक्के यांना जागा आहे, कारणांना नाही. ज्या कौशल्याचा कागदावर कोठेच उपयोग करायचा नाही, ते शिकवले तरी टिकणार नाही.

या दृष्टीने 2024 मधील दोन निकालांकडे वैद्यकीय शिक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते. ओमकार रामचंद्र गोंड विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ टक्केवारी जास्त आहे म्हणून वैद्यकीय अभ्यासक्रमाचा प्रवेश नाकारता येणार नाही. तो अभ्यासक्रम ती व्यक्ती पूर्ण करू शकेल का, हे मंडळाने पाहावे आणि नकार द्यायचा असल्यास त्याची कारणे लिहावीत. त्याच महिन्यातील ओम राठोड विरुद्ध आरोग्य सेवा महासंचालक या निकालाने कार्यक्षमतेवर आधारित मूल्यमापनाचा आग्रह पुढे नेला आणि मंडळाच्या सदस्यांना योग्य प्रशिक्षण असावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. येथे एक विरोधाभास नजरेत भरतो. टक्के कमी म्हणून आरक्षण नाही आणि टक्के जास्त म्हणून प्रवेश नाही, अशा दोन्ही बाजूंनी तोच आकडा विद्यार्थ्याला अडवत आला आहे. त्याआधी 2021 च्या विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालाने लेखनिकाची सोय 40 टक्क्यांच्या अटीपासून सोडवली होती. ज्याला लिहिताना अडचण आहे त्याला लेखनिक मिळावा, मग टक्के कितीही असोत. महाविद्यालयांच्या परीक्षा विभागांपर्यंत हा निकाल पुरेसा पोचलेला नाही, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

न्यायालयाने कारणे मागितली. ती लिहावी कशी, हे मात्र न्यायालय शिकवू शकत नाही. ते काम वैद्यकीय महाविद्यालयांचे आहे आणि त्यासाठी पाच दिवसांचा अभ्यासक्रमच हवा असेही नाही. मंडळातील दोन सदस्यांनी महिन्यातून दहा दावेदार एकमेकांचे आकडे न पाहता स्वतंत्रपणे तपासावेत आणि मग मते कोठे व का भिन्न पडली ते बोलून पाहावे. कॉक्रेन यांनी खाणकामगारांच्या बाबतीत केले ते एवढेच होते. त्याला माहितीकोशही लागत नाही आणि निधीही लागत नाही. सहकाऱ्यापुढे आपली चूक उघडी पडण्याची तयारी तेवढी लागते, आणि श्रेणीबद्ध रुग्णालयीन व्यवस्थेत तीच सर्वांत दुर्मिळ असते. कनिष्ठाने 35 आणि ज्येष्ठाने 45 दिले असता कोणाचा आकडा प्रमाणपत्रावर येतो, हे सांगण्यासाठी संशोधनाची गरज नाही.

2016 च्या कायद्याच्या 59 व्या कलमाने प्रमाणपत्राविरुद्ध अपिलाची तरतूद केली आहे. अपील करणाऱ्याच्या हातात मूळ प्रमाणपत्र असते आणि त्यावर आकडा असतो. तो का आला हे लिहिलेले नसल्याने अपील ऐकणाऱ्यालाही पहिल्या निर्णयात नेमके काय चुकले हे पाहता येत नाही. तोही मग कोनमापक हातात घेतो, सांधा पुन्हा वाकवून पाहतो आणि दुसरा आकडा लिहितो.